संगीतपट कशाला म्हणावे? : मराठी चित्रपटातील गीताचे कार्य आणि वर्गीकरणाचा प्रश्न

बीजसंज्ञा : संगीतपट, तमाशापट, संतपट, संगीत नाटक, वग, गीताचे कथात्म कार्य.

प्रस्तावना

मराठी चित्रपटाविषयीच्या लेखनात 'संगीतपट' ही संज्ञा सर्रास वापरली जाते. तथापि तिचा नेमका अर्थ क्वचितच स्पष्ट केला जातो. 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) हा संगीतपट आहे, याविषयी कोणाला शंका वाटत नाही. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मात्र 'तमाशापट' म्हणून ओळखला जातो, 'संत तुकाराम' (१९३६) 'संतपट' ठरतो, आणि 'जैत रे जैत' (१९७७) कधी 'आदिवासी जीवनावरील चित्रपट' तर कधी 'कादंबरीवरील चित्रपट' म्हणून अभ्यासला जातो. या चारही चित्रपटांतून गीते वजा केली तर कथाच उरत नाही. असे असताना त्यांपैकी एकालाच संगीतपट म्हणण्याचे कारण काय? हे कारण चित्रपटाच्या रूपात आहे, की ज्या समाजस्तरातून ते संगीत आले त्या स्तराविषयीच्या आपल्या धारणेत आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी प्रथम संगीतपटाचा एक निकष निश्चित करून तो निवडक मराठी चित्रपटांना लावून पाहिला आहे.

१. गीतांची संख्या : एक अपुरा निकष

'ज्यात गाणी पुष्कळ तो संगीतपट' ही लोकप्रिय समजूत होय. भारतीय चित्रपटाच्या संदर्भात ती मुळीच टिकत नाही. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (१९३१) सात गाण्यांसह अवतरला. पुढच्याच वर्षी आलेल्या 'इंद्रसभा' या हिंदुस्थानी बोलपटात सुमारे सत्तर गाणी होती. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' (१९३२) यातही गोविंदराव टेंबे यांच्यासारखा रंगभूमीवर घडलेला गायक-संगीतकार राजा हरिश्चंद्राच्या भूमिकेत होता. संख्येचा निकष मानला तर पुढील कित्येक दशकांतील जवळजवळ प्रत्येक हिंदी व मराठी चित्रपट संगीतपट ठरेल. जी संज्ञा सर्वांनाच लागू पडते, ती कशाचेच वर्गीकरण करू शकत नाही.

पाश्चात्त्य व्याख्या जशीच्या तशी उचलणेही उपयोगाचे नाही. हॉलिवूडमध्ये 'द ब्रॉडवे मेलडी' (१९२९) पासून 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) आणि 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) पर्यंत संगीतपट हा इतर चित्रप्रकारांपासून वेगळा काढलेला प्रकार होता. तेथे गाणे हा अपवाद असल्यामुळे गाणे असलेला चित्रपट सहज वेगळा दिसतो. आपल्याकडे गाणे हा नियम आहे. म्हणून 'गाणी आहेत काय?' या प्रश्नाऐवजी 'गाण्याने काय घडते?' हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

२. मराठी पूर्वपरंपरा

मराठी प्रेक्षक चित्रपटगृहात शिरला तो रिकाम्या कानांनी नव्हे. १८४३ मध्ये सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले, तेव्हा गायनाचा भार प्रामुख्याने सूत्रधारावर होता. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'ने तो पात्रांकडे सोपवला. शकुंतला स्वतः गाऊ लागली, ही केवळ रंगतंत्रातील सुधारणा नव्हती. पात्राच्या मनातील गोष्ट सांगण्याचा अधिकार निवेदकाकडून पात्राकडे गेला. संगीतपटाचा विचार करताना हे स्थित्यंतर ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे.

दुसरी परंपरा कीर्तनाची. बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावात हरिनाम सप्ताहाला बसलेला श्रोता कीर्तनकार गद्यातून अभंगात आणि अभंगातून पुन्हा दृष्टान्तात जाताना ऐकतो. 'हा आता मध्येच का गाऊ लागला?' असा प्रश्न त्याला पडत नाही. गोंधळ आणि भारूड यांविषयीही हेच म्हणता येईल. एकनाथांच्या भारुडात वेडी, जोशी, महारीण अशी पात्रे गाण्यातूनच उभी राहतात. पात्रे अचानक गाऊ लागतात, हा संगीतपटावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप ज्या समाजाची ऐकण्याची सवय गद्य आणि गीत यांची फारकत करणारी आहे, त्या समाजाचा आक्षेप आहे. मराठवाड्यातील श्रोत्याच्या दृष्टीने तो परका होय.

तिसरी परंपरा तमाशाची. गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा रूढ क्रम आहे. त्यातील वग हे गद्य-पद्यमिश्रित नाट्यच असते. म्हणजे संगीत नाटकाइतकीच तमाशालाही स्वतःची संगीतनाट्याची घडण आहे. फरक घडणीपेक्षा प्रतिष्ठेचा अधिक आहे. संगीत नाटकाचा प्रेक्षकवर्ग प्रामुख्याने शहरी व उच्चवर्णीय होता. तमाशाचा फड मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी आदी समाजांतील कलावंतांनी उभा केला. पठ्ठे बापूरावांसारखा ब्राह्मण शाहीर फडात उतरला, याचे आजही अप्रूप वाटते, यातच ही दरी किती खोल होती ते दिसते.

३. गीताची तीन कार्ये

वरील परंपरा लक्षात घेता चित्रपटातील गीताची तीन कार्ये ढोबळमानाने वेगळी करता येतात.

(अ) अलंकाररूप गीत : हे काढून टाकले तरी कथेला बाधा येत नाही. वातावरण, विरंगुळा किंवा सौंदर्य यांत ते भर घालते.

(आ) प्रसंगरूप गीत : कथेतच गाण्याचा प्रसंग असतो. बैठक, फड, देऊळ, लग्न अशा ठिकाणी पात्रे गातात, कारण तेथे कोणीही गाईल.

(इ) कृतिरूप गीत : गीत सुरू होण्यापूर्वीची परिस्थिती आणि ते संपल्यानंतरची परिस्थिती एक राहत नाही. निर्णय, कबुली, आरोप, पराभव किंवा परिवर्तन हे गीतातच घडते.

ज्या चित्रपटाच्या कथेतील निर्णायक वळणे तिसऱ्या प्रकारच्या गीतांवर उभी असतात, तो संगीतपट, असा निकष येथे गृहीत धरला आहे. (आ) आणि (इ) हे परस्परविरोधी नाहीत, हे नमूद करणे अगत्याचे आहे. फडावर म्हटलेले गीत एकाच वेळी प्रसंगही असू शकते आणि कृतीही. पुढील विवेचनात हा मुद्दा कळीचा ठरणार आहे.

४. 'संत तुकाराम' : अभंग हीच उक्ती

विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल दिग्दर्शित, प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीस यांनी तुकारामांची भूमिका केली व अभंग स्वतःच्याच आवाजात गायले. पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट होते. परंतु येथे त्यांच्या गायनात नाट्यपदाची आतषबाजी जवळजवळ नाही. संगीतकार केशवराव भोळे यांनी अभंगाची चाल बोलण्याच्या इतकी जवळ ठेवली आहे की तुकाराम बोलता बोलता गातात की गाता गाता बोलतात, हे सांगणे कठीण व्हावे.

चित्रपटाने आपला संगीतविचार विरोधातून मांडला आहे. सालोमालो तुकारामांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवू पाहतो आणि ते नाटकी थाटात गातो. शब्द तेच असूनही एकाच्या तोंडी ते जगणे ठरतात आणि दुसऱ्याच्या तोंडी सोंग. खरा तुकाराम कोण, याचा निवाडा प्रेक्षक कानाने करतो. गद्य संवादाला तो करता आला नसता. तुकारामांच्या अभंगवाणीसमोर जिजाईचे रोकठोक, संसारी गद्य उभे करून चित्रपटाने दोघांनाही न्याय दिला आहे. भक्तीची भाषा गीताची आणि चुलीची भाषा गद्याची, हा ताण शेवटपर्यंत सुटत नाही. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना पुढे अनेकांना तुकारामांचीच वाटली. चित्रपटात गीत आणि उक्ती किती एकजीव झाली होती, त्याचा हा पुरावा मानता येईल. या निकषावर 'संत तुकाराम' हा निःसंशय संगीतपट होय. 'संतपट' ही संज्ञा त्याचा विषय सांगते, रूप नव्हे.

५. 'सांगत्ये ऐका' आणि 'पिंजरा' : फडावरचे गीत

बाबूराव पेंटर व व्ही. शांताराम यांच्या 'लोकशाहीर राम जोशी' (१९४७) या चित्रपटाने तमाशाला मराठी पडद्यावर मध्यवर्ती स्थान मिळवून दिले. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' हा त्या धारेतील सर्वांत लोकप्रिय चित्रपट. पुण्यातील विजयानंद चित्रपटगृहात तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. हंसा वाडकर, जयश्री गडकर यांचा अभिनय आणि वसंत पवार यांचे संगीत यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तुलनेने दुर्लक्षित राहिला तो शीर्षकातील क्रियापदाचा अर्थ. येथे एक स्त्री 'सांगत' आहे आणि गावाने 'ऐकायचे' आहे. सत्ताधारी पाटलाने केलेल्या अत्याचाराची कहाणी अखेर फडावरून, सर्वांसमक्ष मांडली जाते. जी गोष्ट चावडीवर कोणी ऐकून घेतली नसती, ती तमाशाच्या मांडवात ऐकावीच लागते. कारण तेथे श्रोता पैसे मोजून बसलेला असतो आणि त्याला उठून जाता येत नाही. म्हणजे प्रसंगरूप गीताचे येथे कृतीत, किंबहुना साक्षीत, रूपांतर होते. हंसा वाडकर यांनी पुढे आपल्या आत्मकथनाला हेच शीर्षक दिले, हेही अर्थपूर्ण आहे.

व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा' (१९७२) या चित्रपटाचे बीज 'द ब्लू एंजल' (१९३०) या जर्मन चित्रपटातील आणि तो ज्यावर आधारित आहे त्या हाइनरिश मान यांच्या कादंबरीतील. परंतु राम कदम यांचे संगीत आणि जगदीश खेबुडकर यांची गीते यांनी ते पूर्णतः मराठी मातीत रुजवले. तमाशाला गावातून हाकलू पाहणारा आदर्श शिक्षक प्रथम विरोधक, मग प्रेक्षक, आणि शेवटी फडातला हरकाम्या होतो. त्याच्या अधःपाताचा प्रवास मंचापासूनच्या त्याच्या अंतराने मोजता येतो. फडावर गायिलेल्या लावणीला येथे दोन श्रोते असतात : एक जमलेला समुदाय आणि दुसरा एकटा गुरुजी. समुदायाला जे रंजन, ते गुरुजींना आव्हान असते. पुढे गुरुजींवर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो आणि आपला पुतळा अभंग राहावा म्हणून ते तो स्वीकारतात. ही शोकांतिका ज्या मोहातून उभी राहते, तो मोह चित्रपटाने संवादांपेक्षा लावण्यांतूनच घडवला आहे.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. त्याच वर्षी, १९७२ मध्ये, बॉब फॉसी यांचा 'कॅबरे' प्रदर्शित झाला. त्यातील एक गीत वगळता सर्व गीते बर्लिनमधील नृत्यगृहाच्या मंचावरच घडतात. तरीही तो संगीतपट आहे, याविषयी पाश्चात्त्य समीक्षेला संदेह वाटला नाही. मंचावरची गाणी बाहेरच्या जगावर भाष्य करतात, हे त्याचे वैशिष्ट्य मानले गेले. मग फडावरची गाणी बाहेरच्या गावावर आरोप ठेवतात, तेव्हा तो 'केवळ तमाशापट' कसा ठरतो? नृत्यगृहाला जो मान आपण सहज देतो, तो तमाशाच्या फडाला नाकारण्यास रूपाच्या पातळीवर कोणतेही कारण देता येत नाही.

अर्थात, ही मान्यता म्हणजे या चित्रपटांना दिलेले सरसकट प्रशस्तिपत्र नव्हे. पडद्यावरच्या लावणीने फडातील लावणी पुष्कळदा धुऊन-पुसून गुळगुळीत केली. ज्या समाजांतील स्त्रियांनी ही कला जगवली, त्यांच्या उपजीविकेचे वास्तव बहुधा कॅमेऱ्याच्या मागेच राहिले. आणि नायिकेकडे पाहण्याची नजर अनेकदा पहिल्या रांगेतल्या पाटलाचीच होती. परंतु हा आक्षेपही नीट घ्यायचा तर प्रथम त्या चित्रपटांना संगीतपट म्हणून गांभीर्याने वाचावे लागेल.

६. 'जैत रे जैत' : समूहाचा स्वर

जब्बार पटेल दिग्दर्शित 'जैत रे जैत' गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर आधारित आहे. डझनाहून अधिक गीते असूनही त्यातील एकही भरतीची वाटत नाही. गीतकार ना. धों. महानोर हे मराठवाड्याचे, तत्कालीन औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील पळसखेडचे. अजिंठ्याच्या परिसरातील शेतामळ्यांत घडलेली त्यांची शब्दकळा सह्याद्रीतील ठाकरांच्या जगाशी हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीताने जोडली गेली. मराठवाड्यातील कवीचे २०२३ मध्ये निधन झाल्यानंतर त्याच्या रानकवितेची चर्चा पुष्कळ झाली. चित्रपटाच्या रूपविचाराला त्याने दिलेले योगदान मात्र अजून पुरेसे तपासले गेलेले नाही.

भगताचा मुलगा नाग्या 'पुण्यवंत' होऊ पाहतो. मधमाश्यांनी त्याचा डोळा घेतल्यानंतर राणीमाशीला जिंकण्याचा ध्यास तो धरतो आणि चिंधी त्या ध्यासात त्याची सोबतीण होते. येथे गाण्यासाठी ना फड आहे ना बैठक. पात्रे गातात, कारण ठाकरांच्या जगात श्रम, पूजा, प्रेम आणि शोक यांना स्वराची सोबत असतेच. नायक-नायिकेच्या स्वराभोवती समूहाचा स्वर आहे. तो कधी निवेदन करतो, कधी साद देतो. भावे यांच्या सूत्रधाराचे आणि किर्लोस्करांच्या गाणाऱ्या पात्राचे असे एकत्र येणे मराठी पडद्यावर अन्यत्र क्वचितच आढळते. शेवटी 'जैत' म्हणजे विजय मिळतो, तोही चिंधीचा जीव घेऊन. विजयाचा घोष आणि शोक एकाच शेवटात नांदतात. गद्याने येथे एक बाजू निवडली असती; संगीताने दोन्ही पेलल्या आहेत.

७. 'कट्यार काळजात घुसली' : प्रतिष्ठित संगीतपट

पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित आणि पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीताने नटलेले मूळ नाटक १९६७ सालचे. सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या पदांच्या जोडीला नव्या रचना दिल्या. दोन गायकांतील स्पर्धा हाच विषय असल्यामुळे गीत येथे स्वभावतःच कृती आहे : मैफिलीत कोण हरतो यावर हवेली, पद आणि मान यांचा निकाल लागतो. पंडितजींचा आवाज कपटाने नष्ट होतो, तेव्हा गायकाच्या बाबतीत आवाज जाणे म्हणजे मरणच, ही जाणीव चित्रपट प्रेक्षकाला करून देतो.

मात्र माध्यमांतराने एक बदल घडवला. रंगमंचावर खाँसाहेब वसंतराव देशपांडे यांच्या देहात आणि गळ्यात एकत्र उभे होते. पडद्यावर देह सचिन पिळगावकर यांचा आणि गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा आहे. सदाशिवाच्या भूमिकेत सुबोध भावे आणि आवाज महेश काळे यांचा. त्याच गायनासाठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पार्श्वगायनाच्या या रूढ संकेताबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण आवाज हीच ज्याची अस्मिता, अशा पात्राच्या कथेत तो संकेत अधिक जाणवतो. तसेच असूया, पश्चात्ताप आणि गुरुशिष्यभाव हे चित्रपटाने बऱ्याच अंशी गद्य संवादांवर सोपवले आहेत. म्हणून प्रस्तुत निकषावर 'कट्यार' संगीतपट ठरतो हे खरे; परंतु 'सांगत्ये ऐका' किंवा 'जैत रे जैत' यांच्याहून तो अधिक संगीतपट आहे, असे म्हणता येत नाही.

८. 'सैराट' : निकषाची कसोटी

कोणत्याही निकषाची परीक्षा त्याला न जुमानणाऱ्या कलाकृतीवर होते. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) मध्ये अजय-अतुल यांची चार गीते आहेत आणि त्यांतील वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण हॉलिवूडमध्ये झाले. चारही गीते पूर्वार्धात येतात. आर्ची आणि परश्या गाव सोडतात, त्यानंतर चित्रपट गाणे बंद करतो. आणि अखेरच्या दृश्यात, रक्ताळलेली पावले उमटत असताना, आवाजही काढून घेतो.

गीतांपुरता विचार केला तर ती अलंकाररूप व प्रसंगरूप आहेत आणि 'सैराट' संगीतपट ठरत नाही. परंतु पूर्वार्धातील ओसंडून वाहणारे संगीत नसते, तर शेवटचे मौन इतके असह्य झाले नसते. जातीच्या भिंती गाण्यात विरघळतात असे प्रेक्षकाला वाटू लागते, आणि त्या विश्वासाचीच पुढे हत्या होते. येथे गीत कृती नाही. गीताची माघार ही कृती आहे. म्हणून निकषात दुरुस्ती करणे भाग आहे : ज्या चित्रपटाचा अर्थ संगीताच्या असण्यावर किंवा जाणीवपूर्वक केलेल्या नसण्यावर उभा असतो, तो संगीतपटाच्या कक्षेत येतो. या दुरुस्तीनुसार 'सैराट' हा संगीतपटाच्या सीमेवर उभा राहून त्या प्रकाराला प्रश्न विचारणारा चित्रपट होय.

निष्कर्ष

१. संगीतपट हा गीतांच्या संख्येवरून किंवा विषयावरून ठरत नाही. संगीताच्या कथात्म कार्यावरून ठरतो.

२. 'संतपट', 'तमाशापट' आणि 'संगीतपट' या संज्ञा एकाच पातळीवरील नाहीत. पहिल्या दोन विषयवाचक, तर तिसरी रूपवाचक आहे. एक चित्रपट एकाच वेळी तमाशापट आणि संगीतपट असू शकतो.

३. शास्त्रोक्त गायनावरील चित्रपटाला संगीतपट म्हणणे आणि लावणीवरील चित्रपटाला तमाशापट म्हणून बाजूला ठेवणे, या भेदाला रूपाचा आधार नाही. त्यामागे संगीताच्या जातीय व वर्गीय प्रतिष्ठेची उतरंड आहे.

४. कीर्तन, भारूड, गोंधळ आणि वग यांवर पोसलेली मराठी श्रवणपरंपरा ही संगीतपटाच्या सिद्धान्तासाठी पाश्चात्त्य व्याख्येइतकीच, किंबहुना अधिक, उपयुक्त ठरते.

पदवी स्तरावर साहित्य आणि चित्रपट यांचा सहसंबंध शिकवताना 'सांगत्ये ऐका' बहुधा लोकसंस्कृतीच्या घटकात आणि 'कट्यार' संगीत नाटकाच्या घटकात ठेवला जातो. ते दोन्ही एकाच घटकात, शेजारीशेजारी ठेवून शिकवले तर विद्यार्थ्याला चित्रपटाविषयी आणि आपल्या समाजाच्या कानाविषयीही काही नवे कळेल. फडावरची स्त्री साठहून अधिक वर्षांपूर्वी 'ऐका' म्हणाली होती. प्रेक्षकांनी ते सव्वाशे आठवडे ऐकले. समीक्षेने ऐकायचे अजून बाकी आहे.